मातीची तीट

मोताळा, ता. १४ नोव्हेंबर १९३८

कॅप्टनसाहेब इंद्रभानराव,

दर संक्रांतीला मी तुम्हाला तिळगूळ आणि पत्र पाठवतो, आणि दर संक्रांतीला तुम्ही उत्तर देत नाही. हा आपला नेम आता इतका पक्का झाला आहे की मला त्याचं वाईट वाटेनासंही झालं होतं. यंदा संक्रांत लांब असताना पत्र आलं म्हणून पाकीट तसंच फेकू नका. एवढं एक वाक्य वाचा आणि मग फेका: उकंडरावचा उजवा पाय कापायचा म्हणतात.

फेकलं नसेल तर पुढे लिहितो.

मी तुळशीराम, डोणगावचा. तुम्ही मला कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये कधी घेतलं नाहीत आणि ते बरोबरच केलंत. हाफ टाइमला लिंबाच्या फोडी वाटायचो आणि लाइनीच्या बाहेर पळत पळत घसा बसेपर्यंत ओरडायचो, तो मी. इंटरला दोनदा आपटल्यावर बापाने कापडाचं दुकान काढून देतो म्हटलं. मी म्हटलं, मोताळ्याला काढा. डोणगावची चालती पेठ सोडून मोताळ्याला कायले, तिथं आपलं कोण आहे, असं बापाने विचारलं. तिथे उकंडराव होता. लोक म्हातारपणी क्षेत्राच्या ठिकाणी जाऊन राहतात, मी बाविसाव्या वर्षी जाऊन राहिलो.

आता पायाचं. दिवाळीच्या आधी मिरचीच्या वावरात त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्याने सुईने कोरला, वर बिब्बा चटकावला आणि पुन्हा वावरात गेला. इथे सगळेच तसं करतात. बिब्ब्याने जखम उतली, पाय सुजला, आता बोटं काळी पडली आहेत आणि खोलीत शिरताना नाकाला उपरणं लावावं लागतं. बुलढाण्याहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन घोट्याच्या वर कापा, नाहीतर विष वर चढेल आणि माणूस जाईल. आठवडा-दोन आठवडे, त्याहून जास्त तो सांगेना.

उकंडराव काय म्हणतो? 'पाहू.' बैल विकत घ्यायचा असल्यासारखा 'पाहू' म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करतो.

मी त्याला समजवायला जातो आणि माझीच जीभ टाळ्याला चिकटते. कापून घे, असं म्हणायला तोंड उघडलं की मला सेमी-फायनल दिसते. जबलपूरवाल्यांचा तो बूटवाला फुलबॅक आठवतो ना? दारासारखा रुंद. उकंडराव आपला राइट-आउट, उजव्या लाइनीवरचा, अनवाणी. लाइनीवरून चेंडू असा घेऊन आला की चेंडू त्याच्या मागे लागला होता की तो चेंडूच्या, ते कळेना. फुलबॅक डावीकडे गेला, तो उजवीकडे. फुलबॅक वळला, तो तिथे नव्हताच. आणि त्या उजव्या पायाने मारलेला तो बॉल गोलीच्या डोक्यावरून असा हळूच खाली उतरला की गोली हात खाली करून बघतच राहिला. मग नेहमीसारखं वाकून त्याने मातीचं बोट कपाळाला लावलं. पेपरवाल्यांनी लिहिलं, 'भूमातेला वंदन'. कॉलेजात निम्म्या पोरांनी ती लकब उचलली होती, नापास झाल्यावरसुद्धा माती लावायची. तो पाय काप म्हणायला मला कोणती जीभ आणावी लागेल ते सांगा.

फायनलचं मी विसरलेलो नाही. आदल्या रात्री तो नागपूरच्या मुक्कामातून कोणाला न सांगता निघून गेला, तुम्ही राखीव पोराला घालून खेळलात, आणि आपण तीन गोलांनी हरलो. तुम्ही म्हणालात, भ्याला. मी तेव्हाही म्हणालो, नाही, आणि आजही म्हणतो. का गेला ते मात्र मला कळलेलं नाही. विचारलं की तो मिरचीच्या भावावर बोलायला लागतो.

पण मैदानावर तो एका माणसाचं ऐकायचा, तुमचं. तुम्ही 'मागे ये' म्हटलंत की तो गोल समोर दिसत असतानाही मागे यायचा. तुम्ही या. एवढं एकदा सांगा त्याला. बाकीचं भांडण मग करू.

वऱ्हाडच्या वाघाचा आजन्म भक्त,
तुळशीराम


मोताळा, ता. २१ नोव्हेंबर १९३८

कॅप्टनसाहेब,

तुमचं कार्ड मिळालं. दहा वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं, त्याचा आनंद मजकूर वाचेपर्यंत टिकला. 'मला गरज होती त्या दिवशी तो आला नाही. आता मी का यावं?' बस, इतकंच. सचिवालयात नोकरी करून माणसाला मोजकं लिहायची सवय लागते असं ऐकलं होतं, ते खरं दिसतं.

मी रागाने दिवसभर गिऱ्हाइकांशी धड बोललो नाही. एका बाईने लुगडं मागितलं तर तिच्यापुढे धोतरजोडी टाकली. संध्याकाळी ठरवलं की तुम्हाला पुन्हा लिहायचंच नाही. आणि आता लिहितो आहे, कारण मला दुसरं कोणी नाही. या गावात उकंडरावची कदर असलेला माणूस मी एकटा.

हे मी उगीच म्हणत नाही. दहा वर्षं या गावात आहे, एकाच्या तोंडून 'आपला उकंडराव' असं अभिमानाने निघालेलं मी ऐकलं नाही. सेमी-फायनलची गोष्ट काढली की लोक उठून जातात. पारावर विडी ओढत बसलेला माणूस विडी अर्धी टाकून जातो. आणि सगळ्यांचा शिरोमणी तो भगवानराव, उकंडरावच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. चार बुकं शिकलेला, चावडीवर पेपर वाचून दाखवणारा माणूस, पण उकंडरावचं नाव निघालं की याच्या तोंडात एकच, 'कायचा वाघ? बेकाम माणूस आहे थो.' बाजाराच्या दिवशी, चारचौघांत. मी त्याच्याशी किती भांडलो असेन. एकदा तर पागोट्यावर हात टाकायची वेळ आली होती.

बरं, परके एक वेळ सोडा. घरचं ऐका. उकंडरावची आई मनकर्णाबाई, वय झालं आहे पण आवाज खणखणीत. पुंजाजी, म्हणजे त्याचा बाप, वारल्यापासून घर तीच चालवते. पोटच्या पोराशी एक गोड शब्द नाही. 'जेवला का' असं विचारणार नाही, 'गिळलं का' म्हणणार. हाक मारणार तीही 'ए कचऱ्या'. त्याची बायको विमलबाई बिचारी खाली मान घालून ऐकते. मला वाटायचं, अशी कशी ही आई?

परवा मी सेमी-फायनलनंतर काढलेला आपल्या टीमचा फोटो काच लावून घेऊन गेलो. म्हटलं, उशाशी ठेवू, पाहून त्याला उभारी येईल. पुढच्या वर्षी मलकापूरला त्याच्या नावाने सामन्यांची ढाल सुरू करायची, वर वाघ कोरायचा, हेही सांगून टाकलं. उकंडरावने फोटो हातात घेतला. तुमच्या तोंडावर अंगठा ठेवून बराच वेळ पाहत राहिला. इतक्यात मनकर्णाबाई आत आली. तिने फोटो त्याच्या हातातून घेतला, माझ्या हातात दिला आणि मला दंडाला धरून ओसरीवर आणलं.

म्हणाली, "तुह्यं कौतुक घेऊन घरी जाय. तुह्या कौतुकानंच नासला माह्या लेकराचा पाय."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "काप म्हणा तो पाय. लंगड्याकडं कोणी वर मान करून पाह्यत नाई. मले लंगडा पाह्यजे, पण जिता पाह्यजे."

आणि दार लावून घेतलं. मला त्या घरी जायची आता बंदी आहे. आत तो पाय काळा पडत चालला आहे आणि मी बाहेर फोटो घेऊन उभा. जेवण जात नाही. दुकानात बसलो की वाटतं तिकडे जावं, तिकडे गेलो की वाटतं इथे बसावं.

तुम्ही 'का यावं' विचारता. मी म्हणतो, तो भ्याला असं तुम्हाला वाटतं ना? मग भ्यालेल्या माणसाचे डोळे कसे असतात ते तरी येऊन पाहा.

अजूनही त्याच वाघाचा,
तुळशीराम


मोताळा, ता. २३ नोव्हेंबर १९३८

इंद्रभानराव,

हे पत्र बसून वाचा. वाचून झाल्यावर माझा राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

काल दिवेलागणीला दुकान आवरत होतो तर भगवानराव आला. तोच, बेकाम माणूस म्हणणारा. मला वाटलं भांडायला आला. त्याने दुकानाची एक फळी स्वतःच लावली आणि गादीच्या कोपऱ्यावर बसला. म्हणाला, "तुळशीराम, तू शिकेल-सवरेल माणूस. त्याचं नाव उकंडा काऊन ठेवलं, हे तुले कधी सुचलं नाई का?"

सुचलं होतं की. वऱ्हाडात कोणाला माहीत नाही? मूल जगत नसलं की पुढचं मूल उकंड्यावर, केरशेणाच्या ढिगावर, नेऊन ठेवतात, शेजारीण उचलून आणते, हे शेणकचऱ्यात सापडलं म्हणून नाव उकंडा. माझ्या मामाचंही तेच नाव. पण आपण ते नाव मैदानावर हजार वेळा ओरडलो, इंद्रभानराव, आणि ते नाव ठेवणाऱ्या बाईचं काय झालं असेल हे आपल्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. नाव म्हणजे आपल्याला नुसती आरोळी होती.

मनकर्णाबाईची चार लेकरं गेली. चौघंही गोरीगोमटी, आल्यागेल्याने उचलून घ्यावीत अशी. शेवटचा पोरगा तर बोलायला लागला होता, गावभर त्याचं कौतुक. मग हा झाला. पाचव्या दिवशी तिने याला उकंड्यावर टाकलं, भगवानरावच्या आईने उचलून आणलं. त्या दिवसापासून मनकर्णाबाईने याला कधी चांगलं म्हटलं नाही. याला नवा कपडा शिवला नाही, दुसऱ्याच्या पोरांचे जुने घातले. आणि तिने गावालाही हात जोडून सांगितलं की माझ्या पोराला कोणी बरं म्हणू नका. ज्याची नजर लागते ती वस्तू जाते; टाकाऊकडे कोण पाहतं, मरणही पाहत नाही. गावाने तिचं ऐकलं. सगळ्या गावाने. गेली तीस वर्षं हे गाव त्याला नावं ठेवून जपत आलं आहे, आणि मी दहा वर्षं त्यांना कदर नाही म्हणून शिव्या घालत बसलो.

"तू नवा, बाहेरचा," भगवानराव म्हणाला. "तुले वाईट वाटू नये म्हून कोणी बोललं नाई. अन् तुह्यं दुकान चांगलं चालते."

गोल झाल्यावर तो कपाळाला माती लावायचा ते भूमातेला वंदन नव्हतं. ती तीट होती. कॉलेजला जाताना आईने घातलेली शपथ होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या की तोंड खराब करून घ्यायचं. पोरांनी ती लकब उचलली, पेपरने छापली, आणि मी ती गोष्ट किती लग्नांत किती पंगतींत सांगितली असेल.

आता फायनलचं. इथून पुढे लिहायला मला जड जातं.

सेमी-फायनलनंतर नागपूरच्या पेपरात उकंडरावचा फोटो आला होता. एकट्याचा. तो पेपर तुम्ही पुंजाजीच्या नावाने मोताळ्याला धाडला होता, आठवतं? वर दोन ओळी लिहिल्या होत्या, तुमच्या मुलाने साऱ्या प्रांताला वेड लावलं आहे, तुम्ही धन्य आहात. तुमच्या मनात किती चांगलं होतं ते मला माहीत आहे. चावडीवर तो पेपर भगवानरावनेच वाचून दाखवला. छापील अक्षर पाहून लोक मनकर्णाबाईला दिलेला शब्द विसरले. एकाने पुंजाजीला हार घातला, कोणी गुलाल आणला, पोरांनी फोटो दारावर चिकटवला. मनकर्णाबाई पाणी घेऊन आली तेव्हा दारावर तिच्या पोराचं हसरं तोंड आणि भोवती सारं गाव 'काय पोरगा आहे' म्हणतंय.

ती घागर तिथेच ठेवून उकंड्यावर जाऊन बसली. जिथून याला उचललं होतं, तिथेच. भाकर नाही, पाणी नाही. "त्याले आना, मंग उठीन," एवढंच म्हणाली. थंडीचे दिवस. लोकांनी पाया पडून पाहिलं. शेवटी पुंजाजीने मलकापूरला जाऊन तार केली, आणि तार मिळाली त्या रात्री उकंडराव निघाला. दुसऱ्या दिवशी ऐन फायनलच्या वेळेला तो इथे पोचला आणि आईला खांद्यावर घालून घरी घेऊन गेला. परत चेंडूला पाय लावणार नाही, असं तिथेच कबूल केलं.

तुम्हाला का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही भगवानरावला तेच विचारलं. म्हणाला, आम्ही त्याला तेव्हाच म्हटलं होतं, कप्तानाला लिहून कळव. तर उकंडराव म्हणाला, "त्यानं हौसेनं धाडला पेपर. त्याले कायले दुखवू? भेकड म्हनन तं म्हनू दे."

दहा वर्षं त्याने तुमच्याकडून भेकड म्हणवून घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर ते तुमच्यावर आलं असतं. तुमचा दोष नाही. हे मी तुमच्यावर टाकायला लिहीत नाही, शपथ. पण हे तुमच्यापासून लपवून ठेवणंही मला जमेना.

तो तापाने फणफणतो आहे. या.

तुळशीराम


मोताळा, ता. २५ नोव्हेंबर १९३८

इंद्रभानराव,

तुमची तार मिळाली. मंगळवारी निघताय. मलकापूरला उतरून बुलढाण्याची मोटार धरा, मी मोताळ्याच्या फाट्यावर उभा असेन. हे पत्र तुम्हाला निघायच्या आधी मिळावं म्हणून घाईत लिहितो.

काल मला विमलबाईने मागच्या दाराने आत घेतलं, सासू वावरात गेली होती तेव्हा. मी उकंडरावला सरळ विचारलं, की आई म्हणते काप, डॉक्टर म्हणतो काप, मग तू कोणासाठी अडून बसला आहेस. त्याने पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "पाय गेला तं मंग कप्तानापुढं कायनं उभा राहू? मले वाटे, कधी तरी थो येईन. एकडाव चेंडू टाकीन माह्याकडं."

तीस-बत्तिशीचा माणूस, दहा वर्षं मिरच्या तोडतो, आणि मनात हे. आईला कबूल केलं म्हणून चेंडूला शिवला नाही, पण पाय तुमच्यासाठी जपून ठेवला. मला रडू आलं, मी रडलो. तुमची तार आल्याचं मी त्याला मुद्दाम सांगितलेलं नाही. सांगितलं तर उभं राहून दाखवण्याच्या नादात तो काहीतरी करून बसेल.

आता माझं ऐका. हे तुम्हाला विचित्र वाटेल. येताना हार आणू नका, फळंही नकोत. मोठेपणाचं एक अक्षर बोलू नका, सेमी-फायनल तर अजिबात नाही. माफी मागू नका, माफी मागणं म्हणजेही तो मोठा असल्याचं कबूल करणं, म्हातारी दारातून ऐकत असते. दाराशी उभं राहून त्याला नावं ठेवा. जितकी जमतील तितकी. मला ते करता येत नाही, मी आरशासमोर करून पाहिलं. तुम्हाला ते जमेल, तुम्ही हाफ टाइमला आम्हाला बरंच काही म्हणायचात. आणि पायाला नावं ठेवा. तो पाय कधीच कामाचा नव्हता असं त्याला पटेल अशा रीतीने सांगा. ते फक्त तुमच्याच तोंडून त्याला पटेल.

खोटं बोलायला सांगतो आहे. हे एक खोटं बोला.

घाईत,
तुळशीराम


मोताळा, ता. २० डिसेंबर १९३८

इंद्रभानराव,

तुम्ही अकोल्याहून परस्पर नागपूरला गेलात, त्यामुळे तुम्हाला पुढचं माहीत नाही. आधी मुद्द्याचं: उकंडराव बरा आहे. ताप गेला, जखम भरत आली, परवा मलकापूरहून बैलगाडीने घरी आणला. जेवतो. म्हणजे गिळतो.

त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच काय सांगायचं, पण लाइनीच्या बाहेरून कसं दिसलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. जुनी खोड आहे.

तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा मला वाटलं, झालं, आता हा माणूस रडणार. तुमचं तोंड तसंच झालं होतं. उकंडराव कोपरावर उठायची धडपड करत होता, विमलबाई त्याला धरत होती. आणि तुम्ही एकदम तोच जुना हाफ टाइमचा आवाज काढलात. "झोप बे. याच पायाचा एवढा बोभाटा व्हता का? या पायानं मले कधी सरळ पास भेटला नाई. सारा खेळ डाव्या पायाचा, अन् नाव याचं. काप अन् फेक."

उकंडरावने त्या काळ्या पायाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. मग हसायला लागला. दहा वर्षांत तो हसलेला मी पाहिला नव्हता. म्हणाला, "हाव, कप्तान." गोल समोर दिसत असताना मागे यायचा, अगदी तसंच.

इथपर्यंत माझ्या पत्रात होतं. पुढचं नव्हतं. तुम्ही अंगणात गेलात, खाली वाकलात, आणि ओल्या मातीचं बोट आणून त्याच्या कपाळाला लावलंत. हात बराच वेळ तिथेच ठेवलात. मी भिंतीकडे वळलो म्हणून मनकर्णाबाई मला दिसली. ती दारामागे उभी होती, पदर तोंडात धरून.

तुम्ही गाडी जुंपायला सांगायला बाहेर गेलात तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मानूस चांगला आहे. कौतुक नाई करत." मग चुलीवर चहा ठेवला, आणि मलाही दिला. त्या घरातला माझा पहिला चहा.

आता अकोल्यानंतरचं. दवाखान्यात पाय कापल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, याचं काय करायचं. तुमची गाडी सुटून गेली होती. मी म्हटलं, इकडे द्या. दुकानातून पांढरा मांजरपाट बरोबर नेला होता, त्यात बांधून घेतला, उकंडरावजवळ विमलबाईला ठेवलं आणि गाठोडं मांडीवर घेऊन मलकापूरपर्यंत आलो. शेजारच्या उतारूने विचारलं, काय आहे हो. मी म्हटलं, काही नाही, टाकाऊ आहे. इंद्रभानराव, हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाच कळलं नाही.

माझ्या मनात काय काय होतं ते सांगू का? पाय मैदानाच्या कडेला पुरावा, वर दगड बसवावा, दगडावर दोन ओळी. ढालीचंही डोक्यात होतंच. मी निरोप पुढे धाडला होता, त्यावर मनकर्णाबाई फाट्यावर येऊन उभी होती. तिने ते गाठोडं माझ्या हातातून घेतलं, लेकरू घेतात तसं, आणि चालायला लागली. मी मागे. भगवानराव फावडं घेऊन आधीच उकंड्यावर थांबला होता. त्याने कोपऱ्यात खोल खणलं. तिने गाठोडं आत ठेवलं आणि उकंड्यालाच म्हणाली, "घे. इतकं तुह्यं. बाकी माह्यं."

मग वरून शेण टाकलं. उद्यापरवा त्यावर केरकचरा पडेल, पुढच्या पावसाआधी ते खत भगवानरावच्या वावरात जाईल. मी तिथे उभा राहून दगडाचा विचार सोडून दिला. ढालीचाही. मलकापूरवाल्यांना कळवलं की नाव दुसरं कोणाचं तरी घाला, आमचा माणूस त्या लायकीचा नाही.

काल संध्याकाळी त्याच्याजवळ बसलो होतो. मनकर्णाबाई दारात सुपाने धान्य पाखडत होती. मी मनाचा हिय्या केला आणि म्हटलं, "बेकाम माणूस आहेस तू." उकंडराव म्हणाला, "बरं म्हनला. पन अजून भगवानरावसारखं नाई जमत तुले." म्हातारीने मान वर न करता सांगितलं, रोज ये, जमेल.

तेव्हा मी रोज जातो. संक्रांतीला तिळगूळ पाठवीनच, यंदा उत्तर लिहा. आणि पत्रात त्याच्याविषयी काही लिहायचं झालं तर वाईटच लिहा. ते मी त्याला वाचून दाखवतो, आणि म्हातारी ऐकत असते.

एका बेकाम राइट-आउटच्या नादी लागून फुकट गेलेला,
तुळशीराम